केसपेपरवर खरं लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

पारधी वस्तीवरच्या ज्या पोराला पोलिसांनी मेडिकलसाठी तुमच्याकडे आणलं, त्याच्या घरच्यांच्या वतीनं हे पत्र. "तुम्ही बाहेर थांबा," असं हवालदाराला सांगून तुम्ही दार लावून घेतलंत. "कुठं दुखतंय, बाळा?" विचारलंत, तेव्हा कुठं तो बोलता झाला, पोलीस शेजारी उभा असताना कोण बोलणार? मग चपला काढायला लावून दोन्ही तळवे अंगठ्यानं दाबून पाहिलेत. त्या एका गोष्टीसाठी आम्ही तुमचे जन्मभर ऋणी आहोत.

तळव्याची कातडी जाड. पट्ट्यानं मारलं तरी वळ वरून दिसत नाही. सूज आत असते, पाय टेकवत नाही. म्हणून तर तिथं मारतात. दाबल्याशिवाय ते कळत नाही, आणि दाबायचं तर माणसाला हात लावावा लागतो. याआधीच्या डॉक्टरांनी तो लावला नाही. आरोपी दारात, हवालदारानं मनगट धरलेलं, अंगात शर्ट तसाच, आणि कागदावर 'ताजी इजा नाही'. त्या एका ओळीनं मारहाण झालीच नाही असं ठरून जातं.

तुम्ही पाठीवरचा प्रत्येक वळ टेपनं मोजलात. लांबी, रुंदी, रंग, जागा. दोन समांतर रेषा आणि मधे फिकी पट्टी, असं लिहिलंत. ही खूण काठीची. पळताना पडलेल्याला गुडघ्याला, कोपराला, तळहाताला खरचटतं, पाठीवर अशा जोडरेषा उमटत नाहीत. वळ आधी लाल, मग निळसर, पाच-सहा दिवसांनी हिरवट, पुढं पिवळा होतो, त्यावरून मार अटकेआधीचा की नंतरचा याचा अंदाज येतो. सावळ्या अंगावर रंग नीट ओळखू येत नाही, म्हणून सूज आणि दुखरेपणाही नोंदवलात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक-तपासाच्या कायद्याचं कलम ५३ हेच सांगतं: इजा, मारहाणीच्या खुणा आणि अंदाजे वेळ लिहा, प्रत द्या. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी करायला सांगितलं. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यासाठी हे नियम कोण उघडून बघतो? तो कायदा १९५२ साली गेला. चोरी कुठंही होवो, गाडी अजून आधी वस्तीवरच येते.

'४८ तासांनी पुन्हा आणावे' असं तुम्ही खाली लिहिलंत. मांडीचा खोल मुका मार पहिल्या दिवशी दिसत नव्हता. दुसऱ्या खेपेला तो उमटला आणि तोही तुम्ही मोजून लिहिलात. प्रत आईच्या हातात देऊन वाचून दाखवलीत. रिमांडच्या वेळी वकिलांनी न्यायाधीशांपुढं तीच ठेवली.

सगळ्या वस्तीकडून मनापासून आभार.