स्मारकापाशी दिवसभर कुणीतरी उभे राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारगिल विजय दिनाचे फोटो आपल्या जिल्हा पुरवणीत पाहिले. बहुतेक फोटोंत पुष्पचक्राला हात लावलेली पाच-सहा मंडळी समोर आणि कडेला, चौकटीत अर्धाच मावलेला, एक पहारेकरी. मला त्या पहारेकऱ्याबद्दल लिहायचे आहे, कारण ते काम मीही केले आहे. मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. पलटण दिल्लीत असताना इंडिया गेटच्या कमानीखाली अमर जवान ज्योतीवर माझी ड्युटी लागत असे.

बांगलादेशचे युद्ध संपल्यावर सव्वा महिन्यात, 26 जानेवारी 1972 रोजी त्या स्मारकाचे उद्घाटन झाले. काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर उलटी उभी केलेली रायफल, तिच्यावर हेल्मेट आणि रात्रंदिवस जवानांचा पहारा. पाहणाऱ्याला वाटते, नुसते उभे तर राहायचे आहे! पण नुसते उभे राहणे शिकावे लागते. गुडघे एकदम ताठ ठेवले तर रक्त पायांत उतरते आणि भलाभक्कम गडी धाडकन कोसळतो, म्हणून गुडघा कणभर सैल. बुटाच्या आत पायाची बोटे सारखी हलवत राहायची, बाहेरून मात्र काही दिसता कामा नये. घामाचा थेंब कपाळावरून निघतो आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळतो. तो आपोआप गळेपर्यंत हात वर जात नाही. पुष्पचक्र वाहायच्या वेळी 'शोक शस्त्र'चा हुकूम होतो. रायफल उलटी करून नळीचे तोंड डाव्या बुटाच्या टोकावर टेकवायचे, दोन्ही तळवे दस्त्यावर एकावर एक ठेवायचे आणि मान खाली घालायची. मग बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजते. एरवी जवानाची मान खाली जात नाही, तेवढ्या वेळापुरती जाते.

एकदा साखळीपलीकडे एक म्हातारे जोडपे आले. बाबांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, माउलीने डोक्यावर पदर घेतला आणि दोघे हात जोडून बराच वेळ उभे राहिले. कुठल्या गावचे, त्यांचा कोण गेला होता की कुणीच नाही, मला कळायला मार्ग नव्हता. पण ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना माझ्यात दुसरेच कुणी दिसत होते, एवढे मला समजले. त्या दिवसापासून त्या ड्युटीचा कंटाळा आला नाही.

पुढे 25 फेब्रुवारी 2019 रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक झाले आणि 21 जानेवारी 2022 ला अमर जवान ज्योत तिथल्या ज्योतीत विलीन केली. त्यावर वाद झाला. मला विचाराल तर इंडिया गेटवर कोरलेली नावेही आपल्याच माणसांची आहेत, त्यांनी पहिल्या महायुद्धात आणि अफगाण सीमेवर जीव दिला. तरी स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्यांची नावे जिथे आहेत, तिथे ज्योत असावी हेही मला पटते. उद्घाटनाच्या वेळीच तिथे 25,942 नावे ग्रॅनाइटवर कोरलेली होती. तिथला संध्याकाळचा सोहळा वाचकांनी दिल्लीला गेल्यावर जरूर पाहावा. एखाद्या हुतात्म्याच्या घरचे माणूस येते, त्या जवानाने काय केले ते सर्वांना सांगितले जाते आणि त्याच्या आईच्या, पत्नीच्या किंवा मुलाच्या हातून पुष्पचक्र वाहिले जाते. मंत्री नाही, पुढारी नाही, घरचे माणूस!

आता आपल्याकडे येतो. आपला सातारा जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे मिलिटरी गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचे स्मारक गावात आहे. आपल्या भागात कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त दोन आकडे. नाव एकाचेही नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला कूत पडले. उपासमारीने आणि कैदेत किती गेले त्याला सुमार नाही. त्या आघाडीवरच्या मृतांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला मोठे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, आपल्या साध्या शिपायांची मात्र पलटणीवार नुसती संख्या घातली. स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या भेदभावाबद्दल 2021 मध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी! नाव दगडावर नाही आणि घरातल्या चौथ्या पिढीलाही ठाऊक नाही, अशा माणसासाठी आपण काय करू शकतो? निदान त्याच्या पाटीपाशी वर्षातून एक दिवस सावधान उभे राहू शकतो.

आपल्या तालुक्याच्या स्मारकावर घडते ते असे. आदल्या रात्री फ्लेक्स लागतो. सकाळी खुर्च्या, माईक, हार. पाहुणे तासभर उशिरा येतात, पुष्पचक्र, दोन मिनिटे शांतता (त्यातही कुणाचा तरी फोन वाजतो), भाषणे, चहा. अकरा वाजता मांडववाला खुर्च्या उचलतो आणि दुपारी चौथऱ्याच्या पायरीवर कुणीतरी पेपर पसरून डबा खात बसलेला असतो. डबा खाणाऱ्याचा मला राग नाही. ही जागा वेगळी आहे हे त्याला सांगणारे तिथे कुणी उभेच नसते.

गेल्या 26 जुलैला मी तिथे होतो. पुष्पचक्र वाहून झाले आणि पावसाची सर आली. सगळे मांडवाखाली पळाले. स्मारकाच्या दोन बाजूंना एनसीसीची दोन मुले उभी केली होती, एक मुलगा आणि एक मुलगी, हातात सरावाच्या रायफली. त्यांना जा म्हणायला कुणाला सुचले नाही आणि तीही हलली नाहीत. मुलीच्या टोपीवरचा तुरा ओला होऊन खाली पडला, कोपरातून पाणी ठिबकत होते. मी छत्री मिटून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. भाषणे संपल्यावर त्यांच्या सरांना सांगून दोघांना आत घेतले. त्या पोरीचे दात वाजत होते, तरी तिने मला विचारले, "आजोबा, माझा डावा पाय सारखा थरथरत होता. लांबून दिसलं का हो?" मी म्हटले, "नाही बाळा, अजिबात नाही." ज्या पोरीला एवढी काळजी आहे, तिच्याकडून आपण फक्त फोटोपुरते काम करून घेतो.

म्हणून माझे मागणे. 16 डिसेंबरला, विजय दिवशी, जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या स्मारकावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पहारा असावा. फौजेने जवान द्यावेत असे मी म्हणणार नाही, त्यांना सीमेवर कामे आहेत. पहारा एनसीसीच्या छात्रांनी द्यावा आणि गार्ड कमांडर म्हणून माजी सैनिकांनी उभे राहावे. हे काही जगावेगळे नाही. रशियातल्या व्होल्गोग्राद शहरात, म्हणजे जुन्या स्टालिनग्राडमध्ये, 1965 पासून शाळकरी मुले-मुली अखंड ज्योतीवर पहारा देतात, आणि तिथे त्यासाठी निवड होणे मानाचे समजतात. डिसेंबरात दिवस अकरा तासांचा. वीस-वीस मिनिटांची पाळी आणि एका वेळी दोघे धरले तर साठ-सत्तर मुले पुरतात. तेवढी दोन शाळांत सहज मिळतील. कुणाचा एक तासही बुडणार नाही.

नियम थोडेच, पण पक्के हवेत. बदली समोर येऊन उभी राहिल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही. पहाऱ्यावरच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून कुणी फोटो काढायचा नाही, मग तो आमदार असो की मामा. पाऊस जोराचा आला किंवा कुणाला चक्कर आली तर कमांडरने त्याला ताबडतोब मागे घ्यायचे, त्यात कमीपणा नाही. दर तासाला तालुक्यातल्या हुतात्म्यांची नावे मोठ्याने वाचायची आणि शक्य तिथे ती घरच्यांनीच वाचायची. यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे मागता येईल. पहिल्या महायुद्धातली नावे नाहीत, तिथे गावाच्या पाटीवरचा आकडा वाचायचा. भाषण एकही नको.

कराडला दरवर्षी विजय दिवसाचा मोठा सोहळा होतो, लोटालोट गर्दी असते आणि मला त्याचा अभिमान आहे. पुण्यात लोकांच्या वर्गणीतून युद्धस्मारक उभे राहिले. म्हणजे लोकांना आस्था नाही असे कुणी म्हणू नये. मोठ्या शहरात जे होते, त्यातला हा लहानसा, बिनखर्चाचा भाग तालुक्याला आणा, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या वृत्तपत्रातून शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनांना हे कळावे. मुलांना ड्रिल शिकवायला मी येईन. नोव्हेंबरात रोज संध्याकाळी एक तास दिला तरी पुरे. मानधन नको, एसटीचे भाडेही नको. मैदान आणि मुले तेवढी द्यावीत.

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. कोरेगाव, जि. सातारा
(नाव व पत्ता कार्यालयात दिला आहे. इच्छुक शाळांनी तिथे विचारावे.)