पायडलचे फेरे मोजा, मगच दमाची मर्यादा ठरवा

संपादक महोदय,

परतवाड्याजवळच्या खेड्यात मी शाळेतल्या मुलांचा सायकलीचा सराव घेतो. मागे एका शिबिरात आमच्या पोरांना सरसकट सांगितलं गेलं, 'मिनिटाला ९० फेरे मारा.' मला हे मुळीच पटलेलं नाही.

आमच्या सायकली बिनगिअरच्या. पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. ६० फेऱ्यांना वेग ताशी १९-२० किलोमीटर, ९० फेऱ्यांना २९-३०. नववीतलं पोर हा वेग किती वेळ टिकवेल?

गिअर असले तरी हिशेब सुटत नाही. वॅट, म्हणजे पायडलवर लावलेली ताकद, तेवढेच ठेवून फेरे खूप वाढवले, की नुसते पाय फिरवण्यातच ऑक्सिजन जास्त खर्च होतो, ठोके वाढतात आणि दमाची मर्यादा, म्हणजे जिच्यापुढे धाप लागून सलग बोलता येत नाही ती पातळी, कमी वॅटवरच येते. फेरे फार कमी केले तर प्रत्येक दाबाला जोर लागतो, मांड्या भरून येतात. शर्यतीतले सायकलपटू ९०-१०० फेरे मारतात, पण त्यामागे वर्षांची सवय असते.

आमच्याकडे गिअरची एकच सायकल आहे, तीही दान मिळालेली. तिच्यावर आठवीतल्या एका मुलीला मी बाराचा पाढा म्हणायला लावला. ६५ फेऱ्यांना तिनं तो सलग म्हटला. त्याच सपाट रस्त्यावर, त्याच वेगात, हलक्या गिअरवर ९५ फेऱ्यांना 'बारा पंचे'लाच श्वास तुटला.

चिखलदऱ्याच्या चढावर ५० फेरेही जड जातात. तेव्हा शिबिरात मुलांची मर्यादा काढाल, तर ती किती फेऱ्यांवर काढली तेही कागदावर लिहून द्या, एवढीच कळकळीची विनंती.

– एक क्रीडाशिक्षक, ता. अचलपूर, जि. अमरावती