चपला दारातच होत्या

नगर,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ठमे,

सलाम.

दीड वर्ष झालं ना गं, तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन मिस्ड कॉल पाहिले होते आणि परत केले नाहीत, कारण काही नाही, आधी राहून गेलं आणि मग लाज वाटायला लागली, आणि जितके दिवस गेले तितकी ती वाढतच गेली. माझी शुगर आटोक्यात आहे, ह्यांचा गुडघा तसाच, आई ठणठणीत. झालं. आता जे लिहायला बसलेय ते लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल लेकराचं काय एवढं मनावर घेतेस. तू नाही म्हणणार.

तो व्हिडिओ तुझ्याकडेही आला असेलच. दक्षिण आफ्रिकेतला एक माणूस सांगत होता की प्रभूने मला दर्शन दिलं आणि २३-२४ सप्टेंबरला मी माझ्या लोकांना न्यायला येतो म्हणाला. म्हणजे विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जाणार, बाकीचे मागे राहणार. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आला, आणि तिथून घरच्या ग्रुपवर मी टाकला. मीच टाकला ठमे. वर लिहिलं, जागे राहा. तारीख खरी वाटली असं नाही, पण अगदीच खोटी वाटली असंही नाही, पाठवून दिलेलं बरं, नाही पाठवलं आणि खरं निघालं तर, असं काहीतरी मनात. आणि चिऊ क्लासचे मेसेज बघायला माझाच फोन घेते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

२३ला मंगळवार होता. त्या आठवड्यात पाऊस कसा होता तुला माहितीये, मराठवाडा नि सोलापूर पाण्याखाली, सीनेचं पाणी गावात शिरलेलं, टीव्हीवर दिवसभर तेच. संध्याकाळी आमची गच्ची तुंबली, पाईपात कचरा अडकला आणि पाणी भिंतीतून घरात यायला लागलं, म्हणून आम्ही सगळे वर धावलो, हे, मी, आणि नको नको म्हणताना छत्री घेऊन आईसुद्धा. सगळे अनवाणीच. तेवढ्यात चिऊ क्लासवरून आली. दार उघडं. तिघांच्या चपला दारातच. पंखा चालू, दूध उतू जाऊन गॅस विझलेला, आईंचा चष्मा उघड्या बायबलवर. तिने मला फोन लावला तर तो स्वयंपाकघरात वाजला. ह्यांना लावला तर तो चार्जिंगला, तिच्या डोळ्यांसमोर.

मी खाली आले तेव्हा ती कपाटाला पाठ लावून बसलेली, दप्तर पाठीवर तसंच, रेनकोटचं पाणी फरशीवर गळतंय. रडत नव्हती गं. रडत असती तर बरं झालं असतं. मला बघून म्हणाली, "मम्मी, मी टेस्टचे मार्क खोटे सांगितले होते, म्हणून मी राहिले ना?"

कळलं ना आता तुलाच का लिहितेय?

हॉस्टेलची ती सकाळ. दहावीचं वर्ष, १९९९चा डिसेंबर, आपल्या दोघींना ताप आणि उठून बघतो तर खोलीतल्या सगळ्या कॉट रिकाम्या, गाद्या उलटसुलट. सगळ्या जणी मैदानावर पहाटेच्या प्रार्थनेला गेल्या होत्या पण आपल्याला कोण सांगणार. आदल्या महिन्यात कंपाउंडमध्ये पांढरी चादर बांधून तो सिनेमा दाखवलेला, एका क्षणात माणसं गायब होतात तो. तू माझी वेणी घट्ट धरलीस आणि म्हणालीस, "बेबी, तू आहेस ना, मग झालं." आणि मी काय म्हणाले ते मी गेली सव्वीस वर्षं विसरायला बघतेय. तुझ्यामुळे मी राहिले, असं म्हणाले मी.

आणि तेवढ्यावर थांबले नाही. ३१ डिसेंबरच्या वॉचनाइटच्या, म्हणजे मध्यरात्रीच्या उपासनेच्या आधी वॉर्डनबाईंकडे जाऊन तुझ्या पेटीतल्या त्या पत्राचं सांगून आले. तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी तुला वाचवतेय. बारा वाजता जग संपणार, त्याच्या आत तुझं पाप उघडं झालं की तूही आमच्याबरोबर येशील. मग तुझ्या पप्पांना बोलावलं आणि पुढे काय झालं ते तुझ्या पाठीला माहीत. (त्याच रात्री तू शंकरपाळ्यांचा अख्खा डबा संपवलास, आता कुणासाठी ठेवायचे म्हणून, आणि १ जानेवारीला जग होतं तिथेच आणि तू संडासात. हे मी चिऊला सांगितलं, ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली, त्याबद्दल तुझे आभार.)

तू सहा महिने बोलली नाहीस. नंतर बोललीस पण तो विषय आपण कधी काढला नाही. दोन हजार आठला तुझ्या लग्नात एकदा काढायला गेले तर तू म्हणालीस आज नको. मग आज काढते. माझं चुकलं ठमे. भीती होती ती, आणि मी तिला विश्वास समजले. आणि तीच भीती आता एक ओळ वर लिहून मी माझ्या लेकीच्या हातात दिली.

त्या रात्रीपासून झोप नाही. मला प्रभूच्या येण्यावरचा विश्वास सोडायचा नाहीये, हे तुला स्पष्ट सांगते. दर रविवारी विश्वासांगीकारात आपण उभं राहून म्हणतो की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल, आणि मी ते मनापासून म्हणते. पण हे चिऊला कसं द्यायचं? भीती न घालता कसं द्यायचं? धाकट्या दिरांना विचारलं, ते बायबल कॉलेजला होते ना. ते म्हणाले की आधी गुपचूप उचलून नेणार आणि मग मागे राहिलेल्यांवर संकट, ही मांडणी १८३०च्या सुमारास डार्बी नावाच्या एका उपदेशकापासून पसरली, आणि १९०९च्या, स्कोफील्ड नावाच्या माणसाने टिपा घातलेल्या बायबलमधून घराघरात गेली. मी तर समजत होते पेत्र-पौलापासून हेच चालत आलंय! तारखांचं म्हणशील तर १८४४च्या २२ ऑक्टोबरला अमेरिकेत हजारो लोक वाट बघत बसले होते, २०११च्या २१ मेला परत तेच. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तर सरळच लिहिलंय की तो दिवस नि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला. पुत्राला नाही ते त्या व्हिडिओवाल्याला कसं?

पण हे सगळं डोक्याला पटतं, रात्री दोन वाजता पोटात गोळा येतो त्याला नाही पटत. युद्ध, पूर, टेक्सासहून इस्राएलला नेलेल्या त्या पाच लाल कालवडी, कोविडच्या लशीत प्रकटीकरणातल्या श्वापदाचा शिक्का, सगळी म्हणे शेवटाचीच लक्षणं, काय काय ऐकलं आपण.

आईंनी मात्र वेगळंच काढलं. म्हणाल्या, बासष्टच्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली होती, आठ ग्रह एका राशीत, मी दहा वर्षांची, गावात होम चाललेले, लोक रडतायत, जग बुडणार म्हणून. आणि माझ्या बापाने त्याच बाजारी म्हैस आणली. शेजारी म्हणाला, अरे चार दिवसांसाठी? तर बाप म्हणाला, गाभण आहे, चैतात व्यायची आहे. बस. आई एवढं सांगून भाजी निवडायला लागल्या. चिऊने मात्र विचारलं की मग व्याली का? व्याली म्हणे, रेडकू झालं.

मग मी चिऊला घेऊन पहिलं थेस्सलनी काढलं, थेस्सलनीकातल्या मंडळीला पौलाने लिहिलेलं पत्र, चौथा अध्याय, जो दाखवून आपल्याला घाबरवलं होतं तोच. ढगांत उचलले जाऊ वगैरे. आणि ठमे, पुढची ओळ आपल्याला कधी कुणी वाचूनच दाखवली नाही गं. "म्हणून ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा." सांत्वन! त्यांची माणसं वारली होती, ती आता भेटतील की नाही म्हणून ते लोक दुःखात होते, आणि पौल त्यांना समजावतोय की भेटतील. मयताच्या घरी गेल्यावर बोलायचे शब्द ते. ते आपल्याला पडदा बांधून, अंधार करून दाखवले. मला इतका राग आला की पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

नंतर चिऊला मारानाथा सांगायला गेले. प्रभू, ये, असं पहिले ख्रिस्ती लोक म्हणायचे. म्हटलं पप्पा येणार असले की तू कशी गॅलरीत उभी राहतेस तसं. आणि बोलता बोलता तू आठवलीस, कारण तुझे पप्पा येणार म्हटल्यावर तू कॉटखाली जायचीस. मग मला पुढे बोलताच आलं नाही. तू आता देवळात येत नाहीस त्यावर मी कधी काही बोलणार नाही. आधी वाटायचं बोलावं. आता वाटतं की ज्या घरात बाप म्हणजे मार, त्या पोरीला आम्ही सांगत होतो की स्वर्गातला बापही येतोय, लपून राहा. काय कळणार होतं तिला दुसरं?

केडगावची, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची ट्रिप आठवते? तू विहिरीत डोकावलीस म्हणून बाई ओरडल्या होत्या. परवापासून रमाबाई सारख्या मनात येतात. दुष्काळ, प्लेग, मुली रस्त्यावर मरतायत, जग संपल्याची लक्षणं मोजायची तर त्यांच्याइतकी कुणाला दिसली? आणि त्याही प्रभूची वाट बघणाऱ्याच. पण त्यांनी त्या मुली मध्य प्रांतातून आणल्या, विहिरी खणल्या, छापखाना घातला, मुलींना खिळे जुळवायला शिकवले. १९२१मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तरी बाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. मला चिऊला ही वाट बघणारी बाई द्यायचीय, तो सिनेमा नाही. जमेल का माहीत नाही.

ग्रुपवरचा मेसेज मी काढला आणि लिहिलं की मी पाठवायला नको होता. दोघींनी अंगठा दिला, एक ग्रुप सोडून गेली.

तुझी बदली झाली का ससूनच्या जवळ? नाइट किती दिवस अजून? धाकट्याचं नाकाचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं, मी फोन करायला हवा होता. आणि तुझी जी निळी साडी माझ्याकडे आहे ती मी नाताळाला नेसणार, मग देईन.

चिऊला मी हॉस्टेलच्या सकाळचं सगळं सांगितलं, माझं वाक्यसुद्धा. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मावशी राहिली होती ना तुझ्यासोबत. मी एकटीच होते." ह्यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. तूच बोल तिच्याशी. रविवारी उपासना साडेदहाला सुटते, अकराच्या पुढे फोन कर, मी तिच्या हातात देते आणि बाहेर जाऊन बसते.

तुझी,
बेबी