बाजाराच्या तोंडाशी दोरी पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर रविवारी सकाळी मी सहा वर्षांच्या नातीला घेऊन शेतकरी बाजाराला जाते. गेल्या रविवारी मी पालेभाजीच्या जुड्या उलटसुलट करून पाहत होते. तेवढ्यात रिकामे क्रेट न्यायला आलेला एक टेम्पो गर्दीत मागे मागे येऊ लागला. चालकाला मागचे दिसत नव्हते आणि माझी पाठ तिकडे होती. भाजीवाल्या ताई ओरडल्या आणि हातातले वजन टाकून त्यांनी नातीला दंड धरून ओढले. चाक त्यांच्या टोपलीवरून गेले. पोरीला खरचटलेही नाही, पण मला रात्रभर डोळा लागला नाही.

रस्ता बंद आहे हे सांगायला बाजाराच्या दोन्ही तोंडांना एक दोरी बांधलेली असते. ती कुणीही उचलतो आणि गाडी आत घालतो.

बाजारातल्या बाकीच्या गोष्टींची काळजी मी स्वतः घेऊ शकते. कापून ठेवलेले फळ कितीही रसरशीत दिसले तरी मी घेत नाही, कारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि उन्हातला गाळा नेमका त्याच तापमानात असतो. अंडी वेगळ्या पिशवीत ठेवते. भाजी घरी आणल्यावर वाहत्या पाण्याखाली धुते. नातीला हात धुतल्याशिवाय काही चाखू देत नाही. पण मागून येणाऱ्या गाडीपुढे मी काय करणार?

१६ जुलै २००३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहरात शेतकरी बाजार भरलेला असताना एक मोटार गर्दीत घुसली. ८६ वर्षांच्या चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता, असे तपासात निष्पन्न झाले. त्यात १० माणसे गेली आणि ६०हून अधिक जखमी झाली. त्या माणसाच्या मनात कुणाला मारायचे नव्हते. तिथेही रस्ता बंदच होता, पण वेगातली गाडी अडेल असे काही आडवे नव्हते. आपल्या दोरीकडे पाहिले की मला तेच आठवते.

बाजार भरवणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. दोन्ही तोंडांना पाणी भरलेले जड अडथळे किंवा काँक्रीटचे ठोकळे ठेवा. तेही जमत नसेल तर शेतकऱ्यांच्याच दोन मोठ्या गाड्या आडव्या लावा. रुग्णवाहिकेला वाट देता यावी म्हणून तिथे एक माणूस पूर्ण वेळ उभा करा. माल उतरवणे गिऱ्हाईक येण्याआधी आणि क्रेट उचलणे बाजार उठल्यावरच होऊ द्या. मधल्या वेळेत सायकलसुद्धा हातात धरून न्यावी. शेतकऱ्यांची याने अडचण होईल असे कुणी म्हणेल, पण ते तर दिवसभर रस्त्याला टेकून बसलेले असतात. पहिला धोका त्यांनाच आहे. चेंगरली ती टोपली त्या ताईंचीच होती, आणि मी पैसे पुढे केले तर त्यांनी घेतले नाहीत.

येत्या रविवारी मी बाजाराला जाणार आहे, पण नातीला घरी ठेवून.

आपली,
एक नियमित वाचक