दिग्या, हाकामा उसवू का नको?

प्रिय दिग्या,

हे फोनवर सांगायला गेलो असतो तर पहिल्या मिनिटातच तू खो-खो हसून फोन वहिनींच्या हातात दिला असतास, म्हणून लिहितोय. लांबणार आहे, दुकानात गिऱ्हाईक नसताना वाच. तब्येती ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, वंदनाचं बीपी गोळीवर आहे, झालं.

तर आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, बाण सोडायचं बंद केलं. ऐंशी कधीच ओलांडलेत, आणि क्युदो, म्हणजे इथली जपानी धनुर्विद्या, तुला वाटतं तसं नुसतं धनुष्य ओढणं नाही रे, 28 मीटरवरच्या 36 सेंटिमीटरच्या ठिपक्याला बाण लागायच्या आधी गुडघ्यावर बसायचं, उठायचं, परत बसायचं, आणि त्यात किमोनोवर कमरेला बांधलेला तो प्लेटांचा घेरदार पायघोळ, हाकामा, पायाखाली येऊ द्यायचा नाही. पहिल्या वर्षी मी स्वतःच्याच घेरावर पाय देऊन सगळ्यांच्या देखत आडवा झालो होतो, ते तुला सांगितलंय (आणि तू ते अख्ख्या महाद्वार रोडला सांगितलंस). तर सेन्सेईंनी शेवटच्या सरावाला मला बाजूला घेतलं आणि कागदात गुंडाळलेला त्यांचा रेशमी हाकामा हातात ठेवला. आमचा रोजचा काळा पॉलिस्टरचा नव्हे. नव्या वर्षाच्या पहिल्या बाणाला, मान्यवरांसमोर घालायचे तो. त्यांना मुलगा आहे, ओसाकाला असतो, त्याला नको म्हणे. विकायला काढला तर जुन्या किमोनोच्या दुकानात चहापाण्याचे पैसे येतात. मी नाही-नको करत होतो तेवढ्यात काकू म्हणाल्या घ्या, आमच्या कपाटाला दार लागत नाही.

कापड तुला दाखवायला पाहिजे रे. सेंदाई-हिरा म्हणतात, सेंदाई गावचं. ताणा भयंकर दाट, आडवा धागा ओला करून ठोकून ठोकून बसवलेला, करड्या-काळ्या बारीक पट्ट्या. ह्या विणकामाला 1956 साली सरकारनं राष्ट्रीय वारसा म्हणून मान दिलाय. त्याची ख्याती अशी की बसलात की घेर दिमाखात उभा राहतो आणि उठलात की सगळ्या प्लेटा आपोआप जागेवर. मला खरं नव्हतं वाटलं. रात्री सगळे झोपल्यावर हॉलमध्ये घालून चार वेळा बसलो-उठलो. खरंय. वंदनानं दार उघडून बघितलं, काही न बोलता बंद केलं.

आता मुद्दा. मीनूला तो उसवायचाय.

हे वाचून तू तिच्याच बाजूनं होणार हे मला माहितेय, तरी ऐकून घे. तिचं फॅशनच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष, फेब्रुवारीत त्यांचं प्रदर्शन, आणि तिला ह्या कापडाचा आजच्या बाईनं ऑफिसला घालावा असा काहीतरी पायघोळ प्रकार करायचाय, वरून स्कर्ट, आतून पॅन्ट, खिशांसकट. खिशांवर तिचा फार जोर आहे. मी म्हटलं अगं ही देणगी आहे, कापडाचा तागा नाही. तर म्हणाली बाबा, मार्चमध्ये पदवीच्या दिवशी आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली भाड्याचा हाकामा घालणार, पहाटे उठून पार्लरमध्ये रांग लावून, पॉलिस्टरचा, गेल्या वर्षी दुसऱ्याच कुणीतरी घातलेला, फोटो काढून संध्याकाळी परत. त्याला तुम्ही परंपरा म्हणता, आणि मी खऱ्या कापडाचं रोज घालता येईल असं काही केलं की तो अपमान?

दिग्या, हे वाक्य ऐकल्यावर मला कोण आठवलं सांग. तू! 2009 का 10, दुकानाबाहेर तो बोर्ड लावला होतास, ‘तयार नऊवारी शिवून मिळेल’, आणि मी म्हणालो होतो ही साडी नव्हे, काठ लावलेला पायजमा आहे. आणि अण्णा आत बसून हसले होते. त्यावरून तू अख्खा गणपती माझ्याशी बोलला नाहीस. ते मी आजही मागं घेत नाही हां, निऱ्या हातानं घालायच्या असतात, चेन लावून नव्हे. पण पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर गॉगल लावून निघालेल्या निम्म्या पोरी तुझ्याच शिलाईच्या असतात, आणि तुझ्या त्या नाडीच्या नऊवारीशिवाय त्या जीन्समध्येच निघाल्या असत्या, हेही दिसतं. तू तेव्हा म्हणालास, वर्षातून एकदा तरी घालतायत ना. मीनूचं म्हणणं त्याच्या बरोबर उलटं आहे, वर्षातून एकदाच घालायचं हाच रोग. तुम्हा दोघांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावायला पाहिजे.

बरं, नुसता हट्ट असता तर मी रागावून मोकळा झालो असतो, पण कार्टी अभ्यास करून येते. मी म्हटलं शेकडो वर्षं जसं चाललंय तसं राहू दे. तर म्हणाली कुठलं तसं? पुरुषांचा हाकामा दोन पायांचा, घोड्यावर बसायला, त्याला उमानोरी म्हणतात, मागं कमरेला ताठ फळी. 1870 च्या सुमाराला मुलींच्या शाळा निघाल्या, मुली टेबल-खुर्चीवर बसायला लागल्या, किमोनो पुढून उघडायचा, मग त्या सरळ पुरुषांचा हाकामा चढवून शाळेत निघाल्या. पेपरवाल्यांनी टिंगल केली, बायका पुरुष झाल्या म्हणून, आणि ते बंद पाडलं. मग शिमोदा उताको नावाच्या बाई, आधी राणीच्या पदरी होत्या, 1885 ला सरदार घराण्यातल्या मुलींची शाळा निघाली तिथं शिकवायला आल्या. त्यांनी मधली दुभागणी काढूनच टाकली, मागची फळीही नाही, नुसता प्लेटांचा घेर, गडद तांबूस रंगाचा. म्हणजे चक्क स्कर्ट. तोच पुढं सगळ्या शाळांत गेला, खाली लेसचे बूट घालून पोरी सायकली हाणायला लागल्या. नंतर 1920 च्या आसपास सेलर कॉलरचे युनिफॉर्म आले नि हा मागं पडला, आणि आता मार्चमध्ये तोच बाहेर काढून सगळे म्हणतात आहाहा, जुनी परंपरा. ‘बाबा, ही परंपरा एका मास्तरीणबाईनं कात्री घेऊन केलीय.’ आता ह्याच्यावर काय बोलणार? मी म्हटलं त्या बाईंनी सेन्सेईंचा हाकामा नव्हता कापला. फुसका मुद्दा होता, मलाही कळलं.

आणि ते पाच प्लेटांचं. पुढं पाच असतात, म्हणजे एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन, तू बघितलंस तर पहिलं म्हणशील शिंप्याची चूक आहे. दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, प्रत्येकजण सांगतो की प्रत्येक प्लेट म्हणजे एक सद्गुण, दया, न्याय, नम्रता वगैरे. मला हे नेहमी कुणीतरी मागाहून चिकटवल्यासारखं वाटतं, कापड रुंदीला वाढलं, पाय टाकायला जागा पाहिजे, म्हणून प्लेटा पडल्या असणार. पण सराव संपल्यावर सेन्सेई जमिनीवर बसून त्या पाच प्लेटा तळहातानं सारख्या करत घडी घालायचे, दोऱ्या आडव्या-तिडव्या ओवून, तेव्हा मात्र वादावादी करायची इच्छा व्हायची नाही.

मीनूचा देव वेगळा. इस्से मियाके, फॅशन डिझायनर, 2022 मध्ये वारले ते. त्यांनी 1993 ला प्लेटांच्या कपड्यांचा ब्रँडच काढला, आणि रीत तुला आवडेल, आपण प्लेटा घालून मग शिवतो ना, जून महिन्यात तू शाळेच्या पोरींचे स्कर्ट शिवताना नाकीनऊ यायचे बघ, टेरिकॉटला दाब देऊन देऊन, ह्यांनी उलटं केलं. कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवायचा, मग कागदाच्या थरांत घालून प्लेटा पाडून गरम दाबातून काढायचा. पॉलिस्टर असल्यामुळं प्लेटा कायमच्या बसतात, धुवा, गुंडाळा, बॅगेत कोंबा. रेशमात हे होत नाही, प्लेट मोडते, परत इस्त्री. म्हणून मी मीनूला म्हटलं तुझा ऑफिसचा प्रकार लोकलच्या गर्दीत दुपारपर्यंत चोळामोळा होईल. ती म्हणाली हे कापड नाही होणार. आता माझीच रात्रीची परीक्षा माझ्याच विरोधात!

शेवटी म्हटलं सेन्सेईंनाच विचारावं. चाचरत चाचरत सांगितलं. ते नुसते ‘हं’ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. इतकी वर्षं इथं काढून त्या ‘हं’चा अर्थ लावायला मला अजून जमत नाही. काकूंनी चहा ओतता ओतता सांगितलं की हा हाकामा एकदा उसवून झालाय, त्यांनी स्वतःच. इथं पूर्वी चांगलं रेशीम धुवायचं तर अख्खं उसवायचे, सगळे सरळ पट्टे सुटे करायचे, धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवायचे आणि परत शिवायचे, आराइहारी म्हणतात त्याला. किमोनो काय नि हाकामा काय, दीड-पावणेदोन वीत रुंदीच्या थानाचे सरळ तुकडेच सगळे, कुठं गोलाई नाही, त्यामुळं कापड वाया जात नाही. ऐकून मीनूचा चेहरा काय फुलला! पण काकू पुढं म्हणाल्या, मी परत तोच शिवला होता. आणि गप्प. आता ही परवानगी झाली का नकार, मला सांग. उसवणं चालतं हे कळलं. परत काय शिवायचं ते नाही कळलं.

खरं सांगू, मला मनातून तो स्वतः घालायचाय. पुढंमागं वरच्या परीक्षेपर्यंत पोचलो तर तिथं किमोनो-हाकामाच लागतो. पण सेन्सेई बुटके, मला चार बोटं तोकडा होतो, खाली चड्डी घालून आलोय असं दिसतं. आणि पोट. सेन्सेईंना पोट नावाचा अवयवच नव्हता. वंदना म्हणते तुझी परीक्षा येईपर्यंत कसर लागेल, पोरीला दे. मला वाटतं कपाटात पडून कसर लागणं सगळ्यात वाईट, त्यापेक्षा मीनूची कात्री परवडली, पण हे तिला अजून बोललो नाहीये. बोललो तर त्याच संध्याकाळी उसवून ठेवेल. उसवायचं तिला तूच शिकवलंस हे विसरू नकोस, आठवीच्या सुट्टीत, ब्लेडनं, आणि मला म्हणालास पोरीचा हात हलका आहे.

आता तुझ्या धंद्यातलं विचारतो, नीट उत्तर दे. खालची दुमड आत चांगली हातभर आहे. ती सोडून लांबी वाढवली तर जुन्या घडीची रेघ दिसेल का, की वाफेनं जाते? आणि प्लेटांच्या जुन्या रेघा? मीनू म्हणते त्या रेघा तिला हव्याच आहेत, पुसायच्या नाहीतच, त्यावरच डिझाइन आहे. मला पुसलेल्या पाहिजेत. उसवून मागच्या भागातला एखादा पट्टा काढून दोघांचंही भागेल का, म्हणजे मला कमरेत थोडी जागा नि तिला थोडं कापड, असाही एक चोरटा विचार आहे. फोटो मीनूकडून पाठवतो, तिला मात्र लांबीचं काही बोलू नकोस. मोजमाप इथल्या कापडाच्या फुटात आहे, तो इथल्या साध्या फुटापेक्षा लांब, 37.9 सेंटिमीटरचा, इथला साधा 30.3 चा. कापडवाल्यांचा फूट वेगळा, बघ, अण्णा असते तर ह्यावर तासभर बोलले असते.

तुझं काय? ओंकारची बारावी कशी चाललीय, त्याला आपटून आपटून इंजिनिअरिंगला घालू नकोस, बघ माझ्याकडं. वहिनींची शुगर? पिको-फॉलच्या नव्या मशीनचं कर्ज मिळालं का? दिवाळीत येतोय, बहुतेक. वंदनाच्या भावाचं घर लागतंय, त्यावर आहे सगळं.

उत्तर लवकर दे, मीनूनं धारदार ब्लेड आणून ठेवलंय.

तुझा,
बंड्या

ता.क. कमरेचं मोजमाप कळवलंय ते श्वास सोडून घेतलेलं आहे. वहिनींना दाखवू नकोस.