मूळव्याधीचा दोष मिरचीच्या माथी नको

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या भागातील वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक सदरांतून आणि गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींतून मूळव्याधीवरचे सल्ले दिसू लागतात. त्यांत 'तिखट बंद करा, उष्णता कमी करा' हे वाक्य हमखास असते. मी यावल तालुक्यात अनेक वर्षांपासून औषधांचे दुकान चालवतो. ठेचा सोडलेली, हिरव्या मिरचीच्या भरिताला हातही न लावणारी, शेवभाजी पाहून पान सरकवणारी माणसे माझ्याकडे मलमाची नळी मागायला येतात, तेव्हा त्यांची पथ्ये काटेकोर पाळली गेलेली असतात आणि त्रास मात्र तसाच असतो. या आजाराची खरी कारणे लोकांपर्यंत पोहोचत नाहीत आणि त्यांच्या जागी एकट्या मिरचीला आरोपी केले जाते, ही बाब मला गंभीर वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम आजाराचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. गुदद्वाराच्या आतल्या बाजूस रक्तवाहिन्या आणि मऊ ऊतींच्या तीन लहान गाद्या प्रत्येक माणसाला जन्मापासून असतात. वायू आणि मल यांना आपल्या इच्छेशिवाय बाहेर येऊ न देण्याच्या कामात त्यांचा वाटा असतो. त्यांना जागेवर धरून ठेवणारे तंतू सैल झाले की या गाद्या खाली सरकतात, फुगतात, त्यांतून रक्त येऊ लागते आणि मग आपण त्यांना मोड किंवा कोंब म्हणतो. थॉमसन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९७५ साली ही मांडणी केली आणि आजही डॉक्टर प्रामुख्याने तीच मानतात. त्यामुळे कारण शोधताना प्रश्न असा विचारला पाहिजे की या तंतूंवर वारंवार ताण कशाने येतो. पोटात काय तिखट गेले, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

नंदुरबार आणि दोंडाईचा येथील लाल मिरचीचे बाजार दूरवर प्रसिद्ध आहेत आणि आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शाची ओळखच तिखट अशी आहे. त्यामुळे खान्देशात मिरचीकडे बोट दाखवणे सोपे जाते. इटलीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मात्र मूळव्याध असलेल्या पन्नास रुग्णांना कधी मिरचीची आणि कधी निरुपद्रवी पुडीची कॅप्सूल, कोणती ते न सांगता, देण्यात आली. दोन्ही वेळच्या त्रासात फरक आढळला नाही. गुदद्वाराला चीर पडलेल्या रुग्णांवर नागपुरात अशाच पद्धतीने झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र मिरचीने आग आणि वेदना वाढल्याचे दिसले. हे दोन आजार वेगळे आहेत. शौचाच्या वेळी काच फिरवल्यासारखी तीव्र वेदना होऊन नंतर तासभर ठणका राहत असेल, तर ती बहुधा चीर असते. आतल्या मूळव्याधीचे रक्त सहसा न दुखता पडते. आपल्याकडे दोघांनाही एकच नाव दिले जाते आणि एकाचे पथ्य दुसऱ्याला लावले जाते. ज्याला तिखटाने आग होते त्याने ते अवश्य कमी करावे, परंतु तेवढ्याने मूळव्याधीचे कारण दूर झाले असे समजू नये.

कारणांत पहिला क्रमांक कुंथण्याचा आहे. मल घट्ट असो वा नसो, श्वास रोखून, पोटावर जोर देऊन बसले की या गाद्यांत रक्त तुंबते आणि तंतू ताणले जातात. कमोडवर बराच वेळ बसून राहिले की खालून आधार नसल्याने हा ताण वाढतो. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. बोस्टन येथे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घेणाऱ्या १२५ प्रौढांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. शौचालयात मोबाइल वापरणाऱ्यांत मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. एवढ्या लहान अभ्यासावरून मोबाइलच आजार घडवतो असे सिद्ध होत नाही, तरी पाच मिनिटांहून अधिक काळ बसून राहणाऱ्यांचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांत बरेच अधिक असल्याचे त्यात स्पष्ट दिसले, आणि माझ्या मते तोच मुद्दा महत्त्वाचा आहे. पोट साफ झाले की उठावे, न झाल्यास जोर न लावता उठावे आणि पुन्हा वेग आल्यावर जावे.

दुसरे कारण वेग दाबून ठेवण्याचे आहे. त्यावर मला अधिक लिहायचे आहे, कारण ते माणसाच्या सवयीइतकेच गावाच्या सोयीगैरसोयीशी जोडलेले आहे. वेग आला असता तो दाबला की मल आत राहतो, त्यातील पाणी आतडे शोषून घेते, तो कोरडा आणि कडक होतो आणि पुढच्या वेळी कुंथावेच लागते. वारंवार असे केले की वेगाची जाणीवही मंद होते. चरकाचार्यांनी अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, कारणांत वेग रोखणे आणि बळाने कुंथणे या दोन्हींचा उल्लेख केला आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्याला नव्याने कळलेली नाही. कापूस वेचणीला किंवा केळीच्या बागेत पहाटे जाणाऱ्या बाईला दिवसभर आडोसा मिळत नाही. २०१४ नंतर घरोघरी शौचालये झाली, हे चांगलेच झाले, परंतु ती घरी आहेत, शेतात नाहीत. म्हणून ही बाई पाणीच कमी पिते. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो त्या दिवसांत, अंगातून घामाच्या धारा वाहत असताना, लघवीला जावे लागू नये म्हणून तहान मारणाऱ्या या बायांना बद्धकोष्ठ झाले नाही तरच नवल. उष्णतेने मूळव्याध होते असे लोक म्हणतात, त्यामागील खरी गोष्ट मला ही दिसते की ऊन पाणी ओढून घेते आणि ते पाणी आपण परत पीत नाही. एस.टी.चे चालक-वाहक, बाजार समितीतील हमाल, बसस्थानकावरच्या घाण शौचालयाला भिऊन घरी पोहोचेपर्यंत थांबणाऱ्या महाविद्यालयीन मुली, या सर्वांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. स्वच्छ, दार लागणारे, पाणी असलेले सार्वजनिक शौचालय हा मूळव्याधीवरचा उपाय आहे, हे नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी गांभीर्याने ऐकावे.

आहाराविषयी बोलायचे तर आपले जुने जेवण या आजाराच्या बाबतीत मुळीच दोषी नाही. दादर ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, सालासकट उडदाची डाळ, वांगी, मेथी, हे सगळे तंतुमय पदार्थांनी भरलेले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत तंतुमय पदार्थ सुमारे १० ग्रॅम असतात, तर मैद्यात ते तीन ग्रॅमहूनही कमी असतात. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम लागतात. सकाळी चहाबरोबर टोस्ट आणि खारी, दुपारी वडापाव आणि रात्री भाकरीऐवजी पाव, असा दिवस ज्या तरुणाचा जातो त्याने हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. मूळव्याधीच्या रुग्णांनी तंतुमय पदार्थ वाढवल्यास रक्त पडण्याचे प्रमाण साधारण निम्म्याने कमी होते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. मात्र इसबगोल किंवा भाजीपाला वाढवताना पाणीही वाढवावे लागते, अन्यथा पोट फुगते आणि उलटाच परिणाम होतो. केळी खाऊन बद्धकोष्ठ होते, हे आमच्या केळीच्या मुलखात वारंवार ऐकायला मिळते. पूर्ण पिकलेल्या केळ्याला ते लागू नाही.

आता माझ्या व्यवसायाशी संबंधित, आणि म्हणून मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. कित्येक वेळा बद्धकोष्ठ औषधांमुळेच झालेले असते. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, अॅल्युमिनियमयुक्त आम्लपित्ताची औषधे, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमॅडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि मानसिक आजारांवरील काही औषधे आतड्यांची गती मंदावतात किंवा मल कडक करतात. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या नेणारा माणूस काही दिवसांनी मूळव्याधीचे मलम मागतो, तेव्हा दोन्हींचा संबंध कोणी जोडून दाखवत नाही. दुसरीकडे, पोट साफ होण्यासाठी रोज रात्री सोनामुखीयुक्त चूर्ण घेणारेही अनेक आहेत. त्याने पातळ जुलाब होत राहतात, आणि सततचे जुलाब हेदेखील मूळव्याधीचे एक कारण आहे. स्टिरॉइड असलेली मलमे तर आठवडाभराच्या पुढे स्वतःच्या मनाने लावू नयेत, कारण त्यांनी तेथील त्वचा पातळ होते.

गरोदर महिलांची अडचण याहून नाजूक आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे आतडी मंद चालतात, शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते, वाढलेल्या गर्भाशयाचा दाब खालच्या शिरांवर पडतो आणि त्यातच लोहाच्या गोळ्यांनी मल कडक होतो. शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणातील कळांच्या वेळी मोड बाहेर येण्याचे प्रमाण त्यामुळे जास्त असते. पण म्हणून गोळ्या बंद करू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. शासनाच्या कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी दिली जाते. रक्तक्षयाने माता आणि बाळ दोघांनाही धोका असतो, म्हणून ती दिली जाते. गोळीने मल काळा होतो, तो रक्ताचा रंग नव्हे, एवढे आशाताईंनी गोळी देतानाच सांगितले आणि पाणी, भाजी, भाकरी वाढवायला सांगितले, तर अनेक जणी गोळ्या कोनाड्यात टाकून देणार नाहीत. सासूसमोर किंवा नवऱ्याजवळ हा विषय काढता येत नाही म्हणून बाळंतपणानंतर वर्षभर रक्त जात असूनही गप्प राहिलेल्या बाया आपल्याकडे आहेत. 'रगत जास' एवढे दोन शब्द बोलायला त्यांना शेवटी दुकानाच्या गल्ल्यापाशी धीर एकवटावा लागतो, तोही दुसरे गिऱ्हाईक निघून गेल्यावर.

वय, वाढलेले वजन आणि जड ओझी या उरलेल्या गोष्टी. ४५ ते ६५ या वयात हा त्रास सर्वाधिक आढळतो, कारण आधार देणारे तंतू वयाबरोबर सैल होतात. रावेर-सावदा भागात केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांनी ओझे उचलताना श्वास रोखू नये आणि शक्य तेथे दोघांनी मिळून उचलावे. दारूने यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या गुदाशयातील शिरा फुगून रक्तस्राव होऊ शकतो, परंतु तो आजार वेगळा आणि अधिक धोक्याचा आहे. त्याला मूळव्याध समजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचाच असतो ही समजूत सर्वांत घातक आहे. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगातही रक्त पडते, आणि 'जुनी मूळव्याध आहे' असे म्हणत माणसे तो ओळखण्याची वेळ घालवून बसतात. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसले, मलात मिसळलेले किंवा काळसर रक्त असले, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली, वजन उतरले, धाप लागू लागली किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असला, तर मलमाची नळी विकत घेण्याआधी तपासणी झाली पाहिजे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि तेथील शल्यचिकित्सा विभागात ही तपासणी होते. बोटाने आणि लहान नळीने केलेल्या या तपासणीला काही मिनिटेच लागतात. महिला डॉक्टर हव्या असल्यास तसे सांगण्यात कोणताही संकोच नसावा.

संपादक महोदय, आपल्याला माझ्या दोन विनंत्या आहेत. 'विनाऑपरेशन, एका दिवसात, खात्रीशीर' अशा छोट्या जाहिराती स्वीकारताना उपचार करणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापण्याची अट आपण घालावी. नोंदणी नसलेल्या माणसाकडून जळणारे औषध टोचून घेतल्याने गुदद्वार आकसलेले, आयुष्यभर त्रास भोगणारे रुग्ण आमच्या भागात आहेत, आणि त्यांतील काही जण तेथे जाहिरात वाचूनच गेले होते. दुसरे असे की, आपल्या महिलांच्या पुरवणीत एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडून गरोदरपणातील आणि बाळंतपणानंतरच्या मूळव्याधीवर सविस्तर लेख लिहवून घ्यावा आणि तो आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास छापावा. त्या दिवसांत लेकी माहेरी आलेल्या असतात आणि आईजवळ, बहिणीजवळ त्यांना हा विषय काढता येतो.

कळावे.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता,
ता. यावल, जि. जळगाव