हेल्मेटसक्ती : शहरापुरती सूट कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिका हद्दीत हेल्मेटला सूट द्यावी, सक्ती फक्त महामार्गावर ठेवावी, ही मागणी पुण्यात वर्षानुवर्षे होत आली आहे. १ जानेवारी २०१९ पासून कारवाई कडक झाली तेव्हा तिने चांगलाच जोर धरला होता. चौकाचौकांत अडवून पावत्या फाडण्याच्या पद्धतीवर आक्षेप जरूर घ्यावा. पण ‘शहरात वेग असतो कुठे?’ हा या मागणीचा पायाच चुकीचा आहे.

दुचाकीवर बसलेल्याचे डोके रस्त्यापासून साधारण दीड मीटरवर असते. सिग्नलला थांबताना पाय खडीवर घसरून गाडी कलंडली, तरी तेवढ्या उंचीवरून पडणारे डोके ताशी जवळपास २० किलोमीटर वेगाने आपटू शकते. गाडी तेव्हा जागेवरच उभी असते! उघडे डोके सिमेंटच्या रस्त्यावर काही मिलीमीटरांतच थांबते. हेल्मेटमधला थर्मोकोल चेपला जातो, थांबायला दोन-अडीच सेंटीमीटर मिळतात आणि मेंदूला बसणारा हिसका कित्येक पटींनी कमी होतो. बाहेरचे कवच मार पसरवते, पण तो पचवतो हा थर्मोकोल. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो.

शिवाय हद्द म्हणजे नेमकी कुठली? वारजे आणि बाणेर महापालिकेत आहेत आणि मुंबई-बंगळूर महामार्ग तिथूनच जातो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आत घेतल्यावर ही रेषा आणखी लांब गेली. दुसरे म्हणजे, हेल्मेट सक्तीचे करणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये राज्य सरकारला अपवाद करण्याची मुभा होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत राहिली नाही. त्यामुळे पालकमंत्र्यांना निवेदने देऊन शहरापुरती सूट मिळणार नाही.

मान दुखते, बाजूचे दिसत नाही, हेल्मेट डोळ्यांवर येते, या तक्रारी मात्र खऱ्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या मापामुळे होतात. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. बहुतेक कंपन्यांत ५८ सेंटीमीटरला मध्यम आणि ६० ला मोठे माप बसते. हेल्मेट घालून मान हलवली तर गालांची कातडीही सोबत हलली पाहिजे. पट्टा लावून मागची कड वर ढकला. हेल्मेट पुढे निसटले तर ते दुकानातच ठेवा. हनुवटीखाली पट्ट्यात दोन बोटे जेमतेम जावीत. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जाते, आणि कलम १२९ च्या व्याख्येत पट्टा बांधणेही आहेच. ओरखडे पडलेल्या काचेतून रात्री समोरचे दिवे फुटून दिसतात. काच वेगळी मिळते, बदलून घ्यावी.

हेल्मेट आरशावर अडकवू नये, आतला थर तिथे दबतो. पेट्रोल किंवा थिनरने पुसल्यास प्लॅस्टिकचे कवच ठिसूळ होते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकूनच द्यावे, कारण चेपलेला थर्मोकोल पुन्हा फुगत नाही.

माझा खरा राग पदपथावर मिळणाऱ्या टोप्यांवर आहे. आत नुसता स्पंज, वर आयएसआयचा स्टिकर. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. खऱ्या हेल्मेटवर ‘आयएस ४१५१’ हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. अंगठ्याने आतला थर दाबून पाहा, तो स्पंजासारखा खोल गेला तर समजून जा.

सक्तीविरोधी समित्यांची ताकद मोठी आहे. ती त्यांनी या विक्रीविरुद्ध वापरावी. नवी दुचाकी देताना हेल्मेटही द्यावे, हा केंद्रीय नियम (१३८) शोरूम पाळते का, हे विचारावे. कार्यालयांच्या आणि मंडईच्या वाहनतळांवर हेल्मेट ठेवायला कुलपाची सोय मागावी. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांनाही फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा बंधनकारक आहे, पण त्या मापाची हेल्मेट किती दुकानांत मिळतात, हे एकदा लक्ष्मी रस्त्यावर फिरून पाहावे.

– एक दुचाकीस्वार, कोथरूड, पुणे